हलणारं कासव

कासव काचेवर पाय मारत होतं आणि एक माणूस आपल्या लेकीला सांगत होता, "बघ, टाटा करतंय तुला."

लेकीने खुदकन हसून हात हलवला. दुकानदाराची आई नेमकी तेव्हाच जेवणाचा डबा घेऊन आत आली, तीही हसली. एरवी डबा सून आणायची, आज ती तापाने पडली होती. पिंजऱ्यांचा वास नाकात झोंबत होता. पण लेकाचं दुकान, म्हणून म्हातारीने नाकाला पदर लावला नाही.

ती काउंटरमागे स्टुलावर टेकली आणि कासवाकडे बघत राहिली. बघता बघता तिचं हसू गेलं. पाय चालत होते तोवर नाक पाण्याच्या वर होतं. पाय जरा थांबले की नाक बुडायचं, एक बुडबुडा सुटायचा आणि कासव पुन्हा धडपडत वर यायचं. टाकीत दगड नाही, फळी नाही, घडीभर टेकायला काही म्हणून नाही.

"अरे, हे बुडतंय."

"बुडत नाही गं, पोहतंय."

"मला शिकवतोस? पोहणारं असं तडफडतं होय? पाण्यातलं तरी आहे का हे?"

लेकाने आवाज खाली आणला. "जमिनीवरचं आहे. पण कोरड्यात ठेवलं की ढिम्म बसून राहतं, गिऱ्हाईकाला वाटतं मेलंय. पाण्यात बघ कसं चपळ दिसतं! आणि पाणी मी असंच नाही ओतत, मापून भरतो. बोटभर कमी पडलं तर पाय टेकून बसतं, बोटभर जास्त झालं तर मरतं."

हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या कारागिरासारखा फुलला होता.

"आणि दमलं म्हणजे?"

"दमलं की काढायचं, दुसरं टाकायचं. पाळ्या लावल्यात मी. एवढा काही राक्षस नाही."

"वा! मग पगारही देत असशील त्यांना."

लेक हसला. पायानेच त्याने काउंटरखालचा टब पुढे ढकलला. कपडे भिजवायचा टब. त्यात कासवं भांड्यांसारखी एकावर एक रचलेली. खालच्यांचे पाय वरच्यांच्या ओझ्याने फाकले होते. कुणाचे डोळे सुजून मिटलेले, कुणाच्या नाकातून शेंबूड गळत होता. कोपऱ्यात कोबीचं एक पान सडून काळं पडलं होतं. एक कासव उताणं होतं. म्हातारीने त्याला सुलटं केलं, तर तिच्या अंगठ्याखाली कवच दबलं.

"अरे, हे पिकल्या पेरूसारखं लागतंय हाताला."

"ऊन नाही ना इथे," लेक डबा उघडत म्हणाला. "ऊन लागतं त्यांना."

म्हणजे तेही ठाऊक होतं.

म्हातारी उठली. पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि सरळ टाकीत हात घातला.

"आई, गिऱ्हाईक उभं आहे!"

"उभं आहे तर बघू दे. देवाने डोळे दिलेत ना त्यांना?"

तिने कासव बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. कासवाने चारी पाय पसरले आणि मान टाकली. छोटीने पुढे होऊन त्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. डोकं आत गेलं नाही.

"पप्पा, हे मला घाबरतच नाही!"

"घाबरायलाही अंगात जोर लागतो, बाळा," म्हातारी म्हणाली.

मुलीचा बाप वाकून बघायला लागला. "हे असं काय करतंय? आत्ता तर चांगलं होतं. आजारी वगैरे नाही ना?"

"छे हो साहेब! थकलंय जरासं," दुकानदार घाईघाईने म्हणाला.

"मग हे राहू द्या. दुसरं दाखवा. हलणारं."

"दाखवतो ना." दुकानदार वाकला आणि त्याने टबात हात घातला.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. "आता दुसरं टाकणार तू त्यात? माझ्यादेखत?"

"आई, घरी गेल्यावर बोल काय बोलायचं ते. तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या काय झाडाला लागतात?"

म्हातारीची पकड सुटली. गल्लीत कुणाशी भांडण झालं तरी शेवटचा शब्द तिचाच असायचा. आत्ता ती कासव पुसलेल्या ओल्या पदराकडे बघत राहिली. आमचा धाकटा मुक्या जिवांचं करतो, असं ती दारोदार सांगत आली होती. नळावर सांगितलं होतं, व्याह्यांना सांगितलं होतं, दवाखान्यात त्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरलासुद्धा सांगितलं होतं.

ती गिऱ्हाईकाकडे वळली.

"अहो भाऊ, तुम्हाला हलणारंच पाहिजे ना?"

"हो, म्हणजे… पोरीला तेवढीच गंमत."

"मग पोरीलाच उतरवा की पाण्यात. नाकापर्यंत पाणी ठेवा, पायाखाली काही ठेवू नका. बघा कशी दिवसभर हलते."

छोटीने टाकीकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं, आणि हळूच दोन्ही हात पाठीमागे नेले.

दुकानदाराचा हात अजून टबातच होता.