एक दशांश मात्रा

"गिळा," डॉक्टर म्हणाल्या.

पेनिसिलिनच्या मात्रेचा तो जेमतेम दहावा भाग. तरीही माधुरीने गोळी ओठांपाशीच धरून ठेवली होती.

याच औषधाच्या इंजेक्शनने वडील, तिचे आबा, गेले असे ती ऐकत आली होती; तेव्हा ती दोन वर्षांची होती. आई, सगुणाबाई, तिला घेऊन आंबवड्याला माहेरी आली ती कायमची. आठव्या वर्षी माधुरीचे सांधे सुजले, ताप हृदयात उतरला. तो परतू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन टोचायला हवे होते. पण सगुणाबाईंनी वडिलांची हकीकत सांगताच भोरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी कागदावर लाल शाईने लिहिले : कधीही देऊ नये. त्याऐवजी दिलेल्या गोळ्या पुरेशा ठरल्या नाहीत. हृदयाची झडप आकसत गेली. आता आणखी एक ताप तिला सोसवणार नव्हता.

महिन्यातून एकदा भोरला येणाऱ्या पुण्याच्या या ॲलर्जीतज्ज्ञ मात्र लाल शाईपाशी थांबल्या नाहीत. "वडिलांना झाले म्हणून मुलीला होईलच असे नाही. आधी त्वचेवर पाहू, मग पोटात." त्वचेवर काहीच उठले नव्हते.

माधुरीने गोळी गिळली. नवरा, प्रेम, खिडकीशी देव आठवत उभा होता. सगुणाबाई निवांत शेंगा सोलत होत्या.

"मामी, काळीज दगडाचं हाय व्हय तुमचं?"

"मग? त्याबिगर तुमच्यासारखा जावई पत्करला का?"

तासाभराने पूर्ण मात्रा झाली. पुन्हा वाट पाहणे. अंगावर गांधी उठल्या नाहीत, श्वास अडला नाही. डॉक्टरांनी लाल ओळीवर काट मारली आणि प्रेम इंजेक्शन आणायला धावला.

माधुरी त्या काटेकडे पाहत राहिली. सुटकेआधी तिच्या मनात दाटला तो संताप.

"अठरा वर्षं, आई! एकदा तपासून बघायचं हुतं की त्या म्हाताऱ्या डागदरांनी. देव मानलं म्या त्यांना, आन् त्यांनीच गळा कापला माझा. उद्याच जाते दारात, चार माणसांत इचारते."

शेंगांवरचे हात थांबले.

"डागदरास्नी बोल लावू नगं," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी माझ्या सबुदावर इस्वास ठिवला."

"आन् आबा गेले ते?"

"दुसरीसंगं गेले. औंदा नातवाचं बारसं केलं त्यांनी."