भाड्याचं रडू

"हीच ती! हीच बाई!" वार्ताहर ओरडला आणि त्याने मोबाइल सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. "गेल्या महिन्यातला पाण्याचा मोर्चा. बघा, ओळखा!"

हातच्या काकणाला आरसा कशाला? पडद्यावर रडूबाईच होती. केस मोकळे सोडून, ऊर बडवत, कॅमेऱ्याकडे तोंड करून ती टाहो फोडत होती, "गढूळ पाण्यानं माझी पोर गेली हो! माझी पोर मला परत द्या!" कारखान्याच्या फाटकासमोर जमलेली माणसं एकदम तिच्याकडे वळली.

रडूबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मुकादमाने ठेवलेलं. त्याचा धंदा गर्दी पुरवण्याचा. सभेला टाळ्या, मोर्चाला घोषणा, मागेल त्याला मागेल तशी माणसं. नवरा गेल्यावर ती त्याच्याकडे रोजावर जाऊ लागली आणि तिच्या डोळ्यांतला नळ त्याने पहिल्याच दिवशी हेरला. "दगड मारणारे पैशाला पासरी मिळतात," तो म्हणायचा, "रडणारं माणूस मिळत नाही." मुलीला मात्र हे मुळीच आवडायचं नाही. "आई, तू मला अजून किती वेळा मारणार आहेस गं?" ती हसत हसत विचारायची. "मी लागले ना आता कामाला? बस की घरी."

मुलीचं काम याच कारखान्यात, शिलाई मशीनवर. परवा दुपारी कारखान्याची मागची बाजू खाली बसली. मालक म्हणाला, मागचा हॉल बंदच होता, आत चिटपाखरूही नव्हतं. आता ढिगाऱ्यावर बुलडोझर फिरवून जागा सपाट करायची होती. बाहेरची माणसं म्हणत होती, आमची लेकरं आत आहेत, मशीन घालू नका, आम्ही हातांनी उपसतो. एवढंच मागणं.

रडूबाई सगळ्यांच्या पुढे होती, कारण गर्दीत कसं उभं राहायचं ते तिलाच ठाऊक होतं. म्हातारी माणसं तिने मधे घेतली होती. एका तरुणाच्या हातातला दगड काढून घेतला होता. "दगड दिसला की माणसं दिसत नाहीत रे, बाळा," ती त्याला म्हणाली होती. रडली मात्र नव्हती. परवापासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"वाटलंच होतं मला," फाटकाच्या आतून बुलडोझर घेऊन आलेला अधिकारी म्हणाला. "सगळा भाडोत्री जमाव आहे. करा रे सुरू."

बुलडोझर गुरगुरला. रडूबाईने फाटकाचे गज धरले. "साहेब, माझी मुलगी खरंच आत आहे हो!"

"त्या दिवशीपण मुलगीच होती ना?" वार्ताहर म्हणाला. आतले दोघे-तिघे हसले.

खरं सांगायला जे शब्द लागतात ते तिने कधीच विकून टाकले होते. आणि तिच्यापायी सुक्याबरोबर ओलंही जळणार होतं. तिच्या गल्लीतला न्हावी शेजारीच उभा होता. तिला ओळखणारा तिथे तेवढाच. त्याचा मुलगा आत होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही... तुम्ही जरा इथून जाता का?" तिला त्याचा राग आला नाही. बापाचा जीव तो. बुलडोझरचं पातं ढिगाऱ्याकडे सरकू लागलं होतं.

ती वळली आणि वार्ताहराच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी भाड्याची. कबूल," ती मोठ्याने म्हणाली. "पण या लोकांनी नाही आणलं मला. यांना खोटं पाडायला मला यांच्यात घुसवलंय. कुणी, ते विचारू नका, मला पोट आहे." आणि मान वळवून तिने फाटकाच्या आत पाहिलं.

वार्ताहराचे डोळे चमकले. ही बातमी पहिलीपेक्षा मोठी होती.

"या न्हाव्याचा मुलगा आत आहे. या चष्मेवाल्या काकूंची सून आत आहे. त्या आजोबांच्या दोन नाती. त्यांना दाखवा टीव्हीवर. मला काय दाखवता?"

"वहिनी, अहो तुमची तर..."

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी!"

चष्मेवाल्या काकूंनी तिच्या थोबाडीत मारली. "आमची लेकरं मातीत, आणि तू त्यावर पोट भरतेस?" कुणी तिचे केस ओढले, कुणी अंगावर थुंकलं. तिने हात वर केला नाही. एव्हाना कॅमेरा एकेकाच्या तोंडासमोर जात होता आणि प्रत्येक जण आपल्या माणसाचं नाव सांगत होता, आणि ते थेट टीव्हीवर दिसत होतं. अधिकाऱ्याचा फोन वाजला. तो नुसताच "हो साहेब, हो साहेब" म्हणत राहिला. मग त्याने हात वर केला आणि बुलडोझर थांबला.

फाटक उघडलं. माणसं घमेली-फावडी घेऊन आत धावली. न्हावी जवळून जाताना रडूबाईने त्याची बाही धरली.

"पिवळा रुमाल आहे डोक्याला," ती हळूच म्हणाली. "सापडली तर आधी तिच्या तोंडावरची धूळ पुसा."

न्हाव्याने मान हलवली आणि तो आत गेला. तीही त्याच्या मागोमाग निघाली. फाटकाशी शिपायाने काठी आडवी धरली.

"ज्यांचं माणूस आत आहे त्यांनाच सोडायचंय. बाई, तुमचं कोण आहे आत?"

कॅमेरा पुन्हा तिच्याकडे वळला होता.

"कुणी नाही," रडूबाई म्हणाली.