नमुन्याचे वीस नग

"प्लास्टिक म्हटलं की साचा आला, काकाजी," जितेंद्र म्हणाला. "नमुन्याच्या वीस नगांसाठी साचा बनवला, तर एकेक नग सोन्याच्या भावात पडन."

"मग झाकण पत्र्याचं करू," मनोहरराव लगेच म्हणाले.

जितेंद्रनं जुना कागद बाजूला सारून नवा घेतला. पत्रा, कापणं, वाकवणं, घासणं, मजुरी. हिशेब पुन्हा पहिल्यापासून. मनोहरराव खुर्चीत ऐसपैस टेकले. चला, आजची दुपार तरी निभावली.

वस्तू तशी लहानच होती. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा स्विच. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणीही विकत घेईल असा. पण मनोहररावांना तो विकायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर बनवायचाही नव्हता. पत्नी चारुशीलाबाई गेल्यापासून धरमपेठेतलं घर दुपारी खायला उठायचं. म्हणून ते मेट्रो पकडून हिंगण्याच्या एमआयडीसीत जितेंद्रच्या छोट्या कारखान्यात यायचे आणि दर वेळी आपल्याच स्विचमध्ये काहीतरी नवं खुसपट काढायचे. खुसपट निघालं की नवा अंदाज, आणि नवा अंदाज म्हणजे चहा नि गप्पा.

जितेंद्रही मोठा सोशिक. कधी कपाळावर आठी नाही. कामाच्या माणसाचा वेळ आपण फुकट खातो, हे मनोहररावांना टोचायचं, पण पाय काही थांबायचे नाहीत.

"एका नगाले किती वेळ लागन, ते चंद्रभानले विचारून येतो," म्हणत जितेंद्र पडदा सारून मागच्या शेडमध्ये गेला. चंद्रभान हा त्याचा मशीनवरचा कारागीर.

"चंद्रभान, पत्र्याले किती वेळ लागन गा?" जितेंद्रचा मोठा आवाज आला. ठकठक चालूच होती. चंद्रभानचं उत्तर त्या आवाजात कधी ऐकू यायचं नाही.

आज मात्र मनोहररावांनी मन घट्ट केलं. जितेंद्र बाहेर आला तसं त्यांनी पाकीट काढलं.

"ॲडव्हान्स घे गा. वीसच्या वीस बनवून टाक."

बोलले खरे, पण उद्यापासून इथं यायला निमित्त उरणार नाही, या विचारानं त्यांना भरून आलं.

जितेंद्रचा चेहरा एकदम उतरला. "इतकी घाई काहून करता, काकाजी? पितळेचं झाकण कसं पडते, ते तर पाहून घेऊ. बसा, मी चहा घेऊन येतो."

तो टपरीकडे गेला. इतके दिवस आपण त्या चंद्रभानलाही विनाकारण ताप दिला, निदान त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, असं मनोहररावांना वाटलं. त्यांनी उठून पडदा सारला.

जितेंद्र चहा घेऊन परतला, तेव्हा ते आपल्या खुर्चीत बसलेले होते. पाकीट पुन्हा खिशात गेलं होतं.

"पितळेचंच पाहू म्हणतो," ते म्हणाले. "पण नीट हिशेब कर. मले काही घाई नाही."

"आता कसं बोलले!" जितेंद्र खुलला. "थांबा, चंद्रभानले विचारून येतो."

मनोहररावांनी चहाचा घोट घेतला. ठकठक शेजारच्या कारखान्यातून येत होती. पडद्यामागच्या शेडमध्ये ना माणूस होता, ना मशीन. मशीन उचलून नेल्याचे तेलकट चौकोन तेवढे फरशीवर उरले होते, आणि त्यांच्यामध्ये उभा राहून जितेंद्र मोठ्यानं विचारत होता, "चंद्रभान, पितळेले किती वेळ लागन गा?"