पेडलवरचा पाय

अब्बांना जाऊन चाळीस दिवस होत आले होते. चाळिसाव्यासाठी अम्मीला राहात्याला न्यायचं होतं, म्हणून आलिया अब्बांची गाडी श्रीरामपुरात फैयाज मेकॅनिककडे घेऊन आली. ब्रेक ऑइल पार काळं पडलं होतं.

"हवेतलं पाणी ओढतं हे, बाजी. बदललं न्हाई तर ऐन उतारावर दगा देतं," म्हणत फैयाज चाकाला नळी लावायला गाडीखाली शिरला. "पेडल दाबून धरा. जोर लावा! अब्बांचा पाय लई जड हुता."

सीटवर बसून तिने दाबलं. नळीतून बाटलीत काळपट, बुळबुळीत ऑइल उतरलं आणि वास आला. कापराचा, आणि त्याखाली पुवाचा. अब्बांच्या मय्यतीला गुसल दिलं, शेवटची आंघोळ घातली, तेव्हा मोरीतून अंगणात आलेल्या पाण्याला हाच वास होता. त्या पाण्यात तिचा पाय पडला होता. नंतर तिने तो कितीदा घासला, तरी किळस गेली नव्हती, आणि त्या किळसेची लाजही.

पेडल सोडून ती भिंतीशी धावली आणि भडाभडा ओकली.

"शाब्बास, बाजी!" गाडीखालून फैयाज ओरडला. "आत्ता कसं! असंच धरून ठेवा."

तोंड पुसत ती गाडीच्या उघड्या दाराशी परतली. सीट रिकामी होती. पेडल तळाला टेकलेलं होतं, आणि त्याच्या रबरावरून कापराचं पाणी ठिबकत होतं.

"झालं," फैयाज म्हणाला. "आता सोडा की, बाजी."