पाहुणे काय म्हणाले

"चर्चमध्ये बायकांनी नुसत्या चटयाच अंथरायच्या का? उपदेश कधी करायचा?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून सलोमीनं भर शिबिरात उठून विचारलंच.

ढोकीच्या उपदेशकांना शिकवायला कोरियाहून आलेले पाहुणे खुलले आणि इंग्रजीत लई वेळ बोलले. भाषांतराला सलोमीचे पप्पाच होते, ढोकीच्या चर्चचे पाळक. त्यांनी एवढंच सांगितलं, "पाहुणे म्हणतात, पोरी, आधी बारावी हो, मग बघू." सगळे हसले, मैत्रिणीसुद्धा.

घरी पप्पांना आमटी वाढता वाढता मम्मी म्हणाली, "बरोबरच बोलले की गं पाहुणे!"

"ते पप्पा बोलले, मम्मी. पाहुणे म्हणाले, येत्या रविवारी हिलाच बोलू द्या. पप्पा, उद्यापासून भाषांतर मी करणार."