स्टँड कुणाकडे

"हा हलका आहे. उचलून तर बघा," दुकानदार म्हणाला.

नकाशेवाल्यांनी बसल्या बसल्याच ट्रायपॉड उचलून बघितला. हलका होता खरा. पण त्यांना हल्ली हलकं असं काही वाटतच नसे. दुकानाचा जिना चढतानाच अर्धा जीव गेला होता आणि आता खुर्ची सोडवत नव्हती.

शेजारी वहिनी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. वहिनी म्हणजे त्यांच्या मित्राची, कंपाउंडरची बायको. कंपाउंडर वारला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. नवीन ट्रायपॉड घ्या म्हणून त्याच मागे लागल्या होत्या, आणि आज "मीही येते" म्हणून सोबत निघाल्या होत्या.

"आधी कोणता वापरायचात?" दुकानदाराने विचारलं.

नकाशेवाल्यांना सांगता येईना. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेलेला माणूस, रेघ केसभर सरकली तरी ओळखायचा. पण इतकी वर्षं आपली दुर्बीण ज्यावर चढवली त्या ट्रायपॉडवर नाव कोणत्या कंपनीचं होतं, हे काही आठवेना.

"स्टँड माझा मित्र आणायचा," ते म्हणाले. "माझ्याकडे फक्त दुर्बीण."

दुर्बीण चांगली लांबलचक, एका डोळ्याने बघायची. पूर्वी ते एकटेच तळ्यावर जायचे आणि ती दगडावर टेकवून बघायचे. श्वास घेतला तरी समोरचं सगळं तळं थरथरायचं. नकाशेवाल्यांची बायको गेली त्या वर्षी कंपाउंडर एक दिवस अचानक ट्रायपॉड घेऊन उभा राहिला. "मलाही नाद लागला रे पक्ष्यांचा," म्हणाला. ट्रायपॉडवरून पहिल्यांदा बघितलं तेव्हा पाण्यातल्या शेकाट्याचे काडीसारखे लाल पाय इतके स्वच्छ दिसले, की दगडावर टेकवून बघणं त्यानंतर नकोसंच झालं.

पण स्टँड कंपाउंडरच्या घरी, दाराआड. तळ्यावर जायचं तर आधी त्याचं दार वाजवायचं. मग तो कानटोपी ओढत, खोकत, स्टँड खांद्यावर टाकून बाहेर यायचा. "अरे, माझ्याकडेच ठेव ना, तुझी झोपमोड तरी टळेल," असं नकाशेवाल्यांनी कितीदा सांगितलं. दर वेळी नवी सबब. तुझ्या घरात ओल आहे. तुला तो धड मिटता येत नाही. पुढच्या खेपेला बघू.

बरं, एवढा नाद लागलेला माणूस, पण बगळा आणि करकोचा यांत त्याचा शेवटपर्यंत घोळ. "आधी तू बघ," म्हणायचा आणि थर्मासमधला चहा ओतत बसायचा. त्याची पाळी येईपर्यंत पक्षी उडालेला. "गेला वाटतं," एवढंच म्हणायचा आणि कप पुढे करायचा. नकाशेवाले चिडायचे. आता चिडायलाही कुणी उरलं नव्हतं.

कंपाउंडरमागोमाग स्टँडही गेला. त्याच्या एका पायाची पकड झिजली होती, ती कंपाउंडर सुतळीने आवळून भागवायचा. वहिनींकडून स्टँड आणून नकाशेवाल्यांनी तसंच करून बघितलं. पाय घसरला आणि दुर्बीण चिखलात पडता पडता वाचली. तेव्हापासून तळं बंद झालं होतं. सकाळी जाग यायची, पण उठायचं कशासाठी ते सुचायचं नाही.

दुकानदाराने त्यांची दुर्बीण हलक्या ट्रायपॉडवर चढवली आणि खिडकीकडे वळवली. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर एक पारवा बसला होता. दुकानदाराने ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारली. दुर्बिणीतला पारवा कितीतरी वेळ थरथरत राहिला. मग त्याने दुसरा, जाड पायांचा ट्रायपॉड उभा केला. "याची मधली दांडी वर ओढावी लागत नाही. पायांवरच डोळ्यांपर्यंत उंच होतो. वाऱ्यातसुद्धा हलायचा नाही." पुन्हा टिचकी मारली. पारवा जागच्या जागी होता. मानेवरची हिरवी झाक दिसत होती, डोळ्याभोवतीचं कडंसुद्धा.

नकाशेवाल्यांनी तो खांद्यावर घेऊन बघितला आणि दोन पावलांत खाली ठेवला.

"चांगला आहे. पण मी कुठे वाहणार हा?" ते खुर्चीत टेकले. "राहू द्या झालं. आता दुर्बीणही देऊन टाकतो कुणाला तरी."

दुकानदार ट्रायपॉड मिटायला लागला. वहिनी उठल्या. पिशवी खुर्चीवर ठेवून त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला, दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आल्या.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

"घरी पोचवतो आम्ही. पत्ता?"

नकाशेवाले नाइलाजाने आपला पत्ता सांगू लागले. वहिनींनी त्यांना मध्येच थांबवलं. "तिकडे नको. आमच्याकडे पाठवा."

"तुमच्याकडे कशाला, वहिनी? मग मी काय पहाटे येऊन तुमचं दार वाजवू?"

"वाजवा." वहिनींनी ट्रायपॉड अजून खाली ठेवला नव्हता. "ताई गेल्यावर तुम्ही अंधारात उठून एकटेच पाण्याच्या काठी जाऊन बसायला लागलात, तेव्हा ह्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी जाऊन तो स्टँड घेऊन आले. पक्ष्यांचं ह्यांना कधीच काही नव्हतं, भाऊजी. तुम्ही परत घरी येताय ना, तेवढंच बघायचं होतं."