सत्तेचाळिसावं पान

शनिवारी दुपारी चार वाजता चारकोपच्या घरात मृणालिनीच्या लॅपटॉपवर कंपालातल्या सहा बायका दिसू लागल्या. युगांडातल्या लेखिकांची ती संस्था. दर शनिवारी एका लांब टेबलाभोवती बसून त्या एकमेकींचं लिखाण ऐकायच्या, त्यातल्या चुका काढायच्या आणि मग स्वतःच पुस्तक छापायच्या. त्यातल्या नाकाटोच्या कादंबरीचा मराठी अनुवाद मृणालिनीने नुकताच पुरा केला होता.

"यांना बघ, अख्खी संस्था," कॅमेऱ्याबाहेर बसलेली तिची मैत्रीण रेवती कुजबुजली. "तुझी गोष्ट तर सोसायटीच्या स्मरणिकेतसुद्धा घेतली नाही गं."

पुस्तकाच्या शेवटी नाकाटोने या बायकांचे आभार मानले होते. कोणी तिचं बाळ सांभाळलं, कोणी तिसरा खर्डा रात्रभर वाचला. अनुवाद करताना ते पान आलं त्या दिवशी मृणालिनीने काम बंदच ठेवलं होतं.

"आम्हाला मराठी कळत नाही," नाकाटो इंग्रजीत म्हणाली, "पण कानावर तरी पडू दे. सत्तेचाळिसावं पान वाचाल?"

मृणालिनीने अनुवादाची फाइल उघडली. मग बंद केली. अकरा वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली स्वतःची कादंबरी काढली आणि तीच वाचायला लागली.

रेवतीने तिचा दंड धरला. "अगं, हे तुझं आहे!"

मृणालिनी थांबली नाही. तव्यावरची पोळी करपू देऊन हातातलं वाक्य पुरं करणाऱ्या एका बाईचं ते पान होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. पलीकडे टाळ्या वाजल्या. तिचे कान तापले.

नाकाटोने टाळ्या वाजवल्या नाहीत.

"त्या पानावर माझ्या बहिणीचं नाव पाच वेळा येतं," ती म्हणाली. "बाबिर्ये. मला ते एकदाही ऐकू आलं नाही."

रेवतीने मान खाली घातली.

"ते माझं होतं," मृणालिनी म्हणाली. "माझ्या कादंबरीतलं."

मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या बाईने गोष्ट कशाची आहे ते विचारलं. मृणालिनीने चाचरत सांगितलं.

"आणि त्या बाईचं पुढे काय होतं?"

"पुढचं लिहिलेलं नाही."

"का?"

"कोणी विचारलंच नाही."

नाकाटोने वहीत काहीतरी टिपलं. तिचा चेहरा अजून निवळला नव्हता. "पुढच्या शनिवारी, याच वेळेला. त्या बाईचं पुढचं ऐकू," ती म्हणाली. "आज मात्र माझं पान."

मृणालिनीने अनुवादाची फाइल पुन्हा उघडली. पहिलंच वाक्य तिच्या स्वतःच्या सगळ्या कादंबरीपेक्षा चांगलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं.